पाहुण्यांची कॉफी

लोणावळा,
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पुढे वाचशीलच.

तू बंगळूरहून पाठवलेली कॉफीची पूड मिळाली. आत चिठ्ठी नव्हती, पण पत्ता तुझ्या अक्षरात होता. कोणी पाठवली ते बाबांना सांगितलेलं नाही. ते मला टोचतं.

बाबांना कॉफी चालेल का, असं तळेगावच्या डॉक्टरांना विचारलं, मग शंका राहिली म्हणून फोन करून पुन्हा विचारलं. म्हणाले, "रोज कॉफी पिणाऱ्यांचं लिव्हर कमी खराब होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. बिनसाखरेची द्या. पण ते औषध नव्हे. जे बिघडलंय ते कॉफीनं परत येत नाही." हा आजार घराण्यात असू शकतो, म्हणून तूही तपासून घे. नक्की घे.

आपल्याकडे चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची, जायफळ घालून. आता ती रोज होते. सकाळी ढग खिडकीतून आत येतात, फळीवरची भांडी पुसट होतात आणि त्यात तो वास पसरतो. घर कुठेतरी तरंगत निघाल्यासारखं वाटतं. बाबा व्हरांड्यात बसलेले असतात. वास आला की सदऱ्याची बटणं लावतात आणि विचारतात, "कोण आलंय?"

त्यांना गुंगी असते, दादा. लिव्हर थकलं की डोक्यातही असं धुकं उतरतं म्हणे. कधी शाळेची घंटा झाली म्हणतात. कधी मला बाराखडी म्हणायला लावतात, शाळेत घालण्याआधी अंगणातल्या ओल्या मातीत शिकवली होती तशी. मी म्हणते. तेवढा वेळ मी खरंच लहान असते, आणि मला बरं वाटतं.

एकदा त्यावर आई तुझं नाव घेऊन बोलून गेली, "वरद आलाय. आंघोळीला गेलाय."

बाबांनी कप संपवला. मग म्हणाले, "त्याला सांगा, मी कधी प्यायलो नाही."

बाबांचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा शेजारच्या सखारामकाकांसमोर तू विचारलं होतंस, "बाबा, लपून घेत होता का?" लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच सुचते. हे साखरेमुळे आणि चरबीमुळे झालंय, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तोवर तू निघून गेला होतास, आणि मग तुम्ही दोघंही गप्पच राहिलात.

आता आई रोज सांगते: वरद आंघोळीला गेलाय, वरद स्टेशनवर गेलाय, वरद भुशी धरणाकडे फिरायला गेलाय. बाबा रोज तोच निरोप देतात. मी कुरकुरले, तर आई म्हणाली, "तेवढंच पोटात जातंय. तू मोठी सत्यवादी होऊ नकोस."

काल ती देवळात गेली होती. बाबांनी मला विचारलं, "कोण आलंय?"

"कोणी नाही, बाबा. तुमच्यासाठीच केलीय."

त्यांनी कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मग त्याला कोण सांगणार?"

मी डॉक्टरांना दिवाळीचं विचारलं, पथ्याच्या फराळाचं. ते म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या." हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. लिहवलं नाही.

सकाळी थोडा वेळ ते सगळ्यांना नीट ओळखतात. तेव्हा घरात अस. माफी मागू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. "बाबा, मला माहीत आहे," एवढंच म्हण, आणि त्यांच्याजवळ बस.

तुझं नाव त्यांना एकदा खरं सांगायला मिळावं म्हणून थांबलेली,
तुझी कौमुदी