दोन्ही घरचा पाहुणा

१ जुलै.
प्रवेश मिळाला! एकाच पदवीत कला आणि विज्ञान, दोन्ही. आजवर कॉलेजं अर्धवट सोडली ती आळसानं नव्हे. एका विषयात मी मावतच नाही. ताई म्हणाली, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, तेवढं लक्षात ठेव. भावोजी चष्म्याच्या दुकानातून आले आणि जेवता जेवता म्हणाले, ही शेवटची संधी. पास झालास तर पुढच्या शिक्षणाचा खर्च आमच्याकडं लागला. नाहीतर निकालाच्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभं राहायचं. मी उदारपणे हसलो. काउंटर म्हणे!

२ जुलै, पहाटे.
संकल्प: सकाळी विज्ञान, दुपारी साहित्य, संध्याकाळी दोघांचा मिलाफ.

२ जुलै, दुपारी.
संकल्प लिहून दमलो म्हणून जरा पडलो. आत्ता उठलो. मिलाफापासून सुरुवात करायला हरकत नाही.

१९ जुलै.
रसायनच्या मॅडमनी विचारलं, प्रॅक्टिकलला कुठं असतोस? परवा कॉलेजच्या वाटेत एक पेंटर शिडीवर चढून पाटी रंगवत होता. शेवटचं अक्षर होईपर्यंत माझा पाय निघेना. पण हे यांना काय कळणार. म्हटलं, मॅडम, मी मुळात साहित्याचा. मॅडम एकदम मऊ. असं होय, म्हणाल्या, मग जमेल तसा येत जा बाबा.
जमेल तसा. वा!

२३ जुलै.
साहित्याच्या सरांनी निबंध मागितला. म्हटलं, सर, मी मुळात विज्ञानाचा. सर हळहळले. प्रयोगशाळेत फार पिळतात रे तुम्हा पोरांना, म्हणाले, दे सावकाश. दोन्ही विभाग मला किती समजून घेतात!

११ ऑगस्ट.
अभ्यासाला वेळच मिळत नाही. सध्या बासरी शिकतोय. ध्वनी म्हणजे विज्ञान, सूर म्हणजे कला. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. पाऊस फार नव्हता तसा.

६ सप्टेंबर.
वर्षाचा प्रकल्प सुचला! दोन कुंड्यांत घेवडा. एकीला रोज कविता वाचून दाखवायच्या, दुसरीला सूत्रं. ताई म्हणाली, पाणीही घाल. म्हटलं, ते गृहीतच आहे.

२१ सप्टेंबर.
पाणी गृहीतच राहिलं. कवितेच्या कुंडीनं आधी मान टाकली: संवेदनशीलता सिद्ध. सूत्रांच्या कुंडीनं थोडा जास्त तग धरला: चिवटपणा सिद्ध. निष्कर्ष आधीच लिहून ठेवला होता, त्यात दोन्ही बसवले. उरलेलं वर्ष वाचनाला मोकळं.

८ जानेवारी.
वाचन उद्यापासून. बासरी विकली. आता फोटोग्राफी.

२ एप्रिल.
उद्या तोंडी परीक्षा. ताईनं शर्टाला इस्त्री करून ठेवली. म्हणाली, मी यांना सांगितलंय, हा या वेळी नक्की करून दाखवेल. म्हटलं, अगं, दोन्ही विभाग माझ्या खिशात आहेत.

३ एप्रिल.
मॅडम आणि सर एकाच खोलीत. एकाच टेबलाशी. हे कुणी ठरवलं?
मॅडम कौतुकानं सरांना म्हणाल्या, हा तुमचा विद्यार्थी. सर म्हणाले, माझा? हा तर तुमचा ना? मॅडम म्हणाल्या, वर्षभरात तीनदा पाहिलाय मी याला. सर म्हणाले, तीनदा? नशीबवान आहात.
मग दोघंही माझ्याकडं वळले. मी कुंड्यांबद्दल सांगायला लागलो. मॅडमनी विचारलं, जिला काहीच वाचून दाखवलं नाही अशी तिसरी कुंडी कुठाय? सरांनी विचारलं, कविता कुठल्या वाचल्या? दोन्ही प्रश्नांना माझं एकच उत्तर होतं: एकही नाही.
कला आणि विज्ञान यांचं पूर्ण एकमत माझ्या डोळ्यांदेखत झालं. नापास.
ताईनं भांडी घासली. मग तीच पुन्हा घासली.

४ एप्रिल. दुकान.
पहिलं गिऱ्हाईक, एक आजोबा. त्यांना मीच समजावलं: आजोबा, ही दुहेरी काच. वरून लांबचं, खालून जवळचं, एकाच चष्म्यात दोन्ही! काय सुरेख बोललो. आजोबांनी चष्मा लावला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, अरे पोरा, मला तर ना लांबचं दिसतंय ना जवळचं, नुसती मधली रेघ दिसतेय.
भावोजी काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, होतं असं सुरुवातीला. काच दोन्ही दाखवते हो, पण बघायचं आपल्याला असतं.
हे ते आजोबांना म्हणाले. माझी खात्री आहे.