ताओनने मागून आणलेलं मीठ

देजॉन, ८ नोव्हेंबर

आदरणीय वहिनी,

नमस्कार. तोंग्योंगला आता समुद्रावरून बोचरा वारा सुटला असेल आणि तुमच्या माहेरी कालवं फोडायचा हंगाम सुरू झाला असेल. तुमच्या आईचे गुडघे, वडिलांचा खोकला आणि तुमची स्वतःची प्रकृती ठीक असेल, अशी आशा करते. (सुरी निसटून बोटं चिरतात असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. हातमोजे वापरत जा.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हे वाक्य पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं; ताओनच्या बाबतीत ते खरं नाही.

फोन तुम्ही उचलत नाही. त्याला कारण असेल, ते मी विचारत नाही. हे पत्र दादाची बाजू मांडायला किंवा तुमच्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आईची, वकिली करायला लिहिलेलं नाही, आणि तुमच्याकडे काही मागायलाही नाही. फक्त माहिती द्यायची आहे. तुम्ही सप्टेंबरात घर सोडून गेलात तेव्हापासून ताओन शू अडवून धरतो. घरी दिवसातून दोनदा करतो. बालवाडीत नाही, दुकानात नाही, घराबाहेर कुठेच नाही. पाणी पिणंही त्याने जवळजवळ सोडलं आहे. दोनदा संसर्ग होऊन ताप येऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसऱ्यांदा झालं तर इस्पितळात ठेवावं लागेल. "मी औषध देते, पण पोराच्या मनात कसली तरी भीती बसली आहे, ती तुम्ही शोधा," असंही त्या म्हणाल्या. मी त्याला सरळ विचारलं. पाच वर्षांचा मुलगा, उजवा पाय डाव्या पायावर आवळून उभा, आणि मला सांगतो, "मला येतच नाही, आत्या."

म्हणून थीम पार्कची सहल. कल्पना दादाची. त्याचं म्हणणं, पोरगं पोटभर हसलं की आपोआप मोकळं होईल. (दादाचे बहुतेक सिद्धांत या जातीचे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.) तयारी मात्र माझ्याकडे आली, कारण नळाच्या मीटरमधून किती पाणी गेलं आणि मीटर किती सांगतो, यातला फरक मोजण्याचा मला पगार मिळतो, आणि घरात सगळ्यांची समजूत अशी की पाण्याचं काहीही असलं तरी ते माझं खातं. मी पार्कचा नकाशा काढला. त्यात अठरा स्वच्छतागृहं आहेत. प्रत्येक झुल्यापासून सर्वांत जवळचं कोणतं, ताओनच्या पावलांनी तिथे जायला किती मिनिटं लागतील, आणि दुपारी बारा ते दोन रांग किती वाढेल, याचा तक्ता केला. दर पन्नास मिनिटांनी एक थांबा. दादाने तक्त्याच्या तीन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "बोरम, आपण झुल्यात बसायला चाललोय की शू करायला?" सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नाहीत, पण त्यांनी किंबापचे चार डबे, बार्लीच्या चहाचा थर्मास आणि रुंद तोंडाची दुधाची रिकामी बाटली दिली. बाटली त्यांनी माझ्या पिशवीत सगळ्यांत वर ठेवली. मी ती तळाशी ठेवली. निघताना पाहिलं तर पुन्हा वर.

शनिवारी साडेनऊला आत शिरलो. पहिला थांबा फाटकाशीच. तिथल्या स्वच्छतागृहात छतावर ढग रंगवलेले आहेत, हे मला सेबोमकडून कळलं, कारण ती लगेच जाऊन आली. (तुमची लेक आता नऊ वर्षांची आहे आणि त्या दिवशी ती आठ वेळा गेली. तिला गरज नव्हती. एकात अस्वलाच्या आकाराचा साबण निघतो, एकात पाणी सोडलं की कोंबडा आरवतो; ती प्रत्येकाला गुण देत होती. माझा तक्ता ज्याच्यासाठी केला होता त्याने तो वापरला नाही, आणि जिच्यासाठी केला नव्हता तिने पुरेपूर वापरला.) ताओनला दादा पुरुषांकडे घेऊन गेला. मी बाहेर उभी. आतून दादाचा आवाज येत होता, "शूऽऽऽ... शूऽऽऽ... कर बाळा, शूऽऽऽ." तुम्ही करायचात तसाच करायचा प्रयत्न, फक्त आवाज मालगाडीच्या ब्रेकसारखा. दहा मिनिटांत आतून चार अनोळखी गृहस्थ बाहेर आले. चौघेही समाधानी दिसत होते. त्यातले एक वयस्कर होते, ते दादाला मागे वळून म्हणाले, "आभारी आहे हो, माझं सकाळपासून अडलं होतं." ताओन कोरडाच बाहेर आला.

पुढचे चार थांबे याच प्रकारे. बाटलीचाही प्रयोग झाला, झाडामागे, दादाच्या कोटाच्या आडोशाने. ताओनने बाटली हातात घेतली, झाकण नीट लावलं आणि मला परत दिली. "हे दुधाचं आहे," म्हणाला.

मग आम्ही बोटीच्या रांगेत लागलो. फलकावर सत्तर मिनिटं लिहिलं होतं. मी विरोध केला होता, त्याची नोंद असावी. एकसष्टाव्या मिनिटाला ताओन बोलायचा थांबला. रांगेतून बाहेर पडायला वाट नव्हती. दोन्ही बाजूंना कठडे, मागे निदान तीनशे माणसं. बोटीत बसल्यावर त्याने एकच विचारलं, "आत्या, बोट मागे फिरवता येते का?" मग बोट वर चढली आणि खाली कोसळली, आणि एवढं मोठं पाणी अंगावर आलं की दादाचा चष्मा नाकावरून उडून मागच्या बाईंच्या मांडीवर पडला. उतरलो तेव्हा चौघेही नखशिखांत भिजलेले. ताओनची विजारही भिजलेली. त्यातलं कोणतं पाणी कुठलं हे मला सांगता येईना, जे माझा व्यवसाय पाहता लाजिरवाणं आहे. मला खरं तर हायसं वाटलं. मी वाकून त्याच्या कानात म्हटलं, "हे बघ, सगळेच ओले आहेत. कुणालाही कळणार नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, आणि त्याच्यासाठी तेवढं पुरेसं होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कोरडे कपडे काढायला मी पिशवी उघडली. मान वर केली तर ताओन नव्हता.

सात मिनिटं. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मी एक तास म्हटलं असतं. दादा तळ्याकडे धावला. सेबोम तिथल्या तिथे उभी राहून गळा काढून रडायला लागली, आणि मी तिला गप्प बस म्हणून ओरडले, याबद्दल नंतर तिची माफी मागितली आहे. ध्वनिक्षेपकावरून त्याचं नाव, वय आणि निळा सदरा तीनदा सांगितला गेला. शेवटी तो सापडला पार्कच्या टोकाला, जिथे फोटोसाठी जुनं गाव मांडून ठेवलं आहे त्याच्यापुढे, खाण्याच्या टपऱ्यांत. गावातल्या भिंतीवर टांगलेलं सूप त्याने उतरवून डोक्यावर घातलं होतं. पाणी ठिबकत होतं. आणि उकडलेली अंडी विकणाऱ्या बाईंपुढे तो दोन्ही हात पसरून उभा होता.

तुम्हाला तो जूनमधला दिवस आठवत असेलच. त्याने गादी ओली केली होती, तेव्हा सासूबाईंनी जुन्या पद्धतीने त्याच्या डोक्यावर सूप घालून त्याला समोरच्या घरी मीठ मागायला पाठवलं होतं. तिथल्या आजींनी रिवाजाप्रमाणे सुपावर एक चापट मारून मूठभर मीठ दिलं, सगळी इमारत हसली, आणि सासूबाई त्याला म्हणाल्या, "मीठ आणलंस ना? आता फिटलं सगळं." तुम्ही कामावरून आलात आणि सूप ओढून घेऊन जिन्यात फेकलंत. त्या संध्याकाळी तुम्ही सासूबाईंशी जे बोललात ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही रागावलात ते कोणावर, हे मोठ्यांना कळत होतं. ताओन मात्र जिन्यात उभा होता.

टपरीभोवती लोक जमले होते, फोटो काढत होते. अंडीवाल्या बाई हसून हसून लाल झाल्या होत्या. "अगं बाई, हल्लीही सूप घालतात होय? कुणाचं रे बाळ तू?" ताओन म्हणाला, "बाळ नाही. मला मीठ पाहिजे." त्यांनी अंड्यांबरोबर देतात ती मिठाची पुडी त्याच्या हातात ठेवली आणि सुपावर पळीने टिचकी मारली. तो हलला नाही. मी पोचले तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, यांना जोरात मारायला सांग. हळू मारलं तर आई येत नाही."

फोन धरलेले सगळे हात खाली आले. सेबोम ओरडली, "मूर्खा, आई मिठाने येत नसते! आई तुझ्यामुळे नाही गेली!" तो म्हणाला, "माझ्यामुळेच गेली. मी गादी ओली केली आणि ती गेली." दादा मागून धावत आला होता. त्याने हे ऐकलं, आणि मग तो टपरीवरची दरांची पाटी वाचायला लागला. पाटीवर पाचच पदार्थ होते. तो बराच वेळ वाचत होता. अंडीवाल्या बाईंनी पळी खाली ठेवली, ताओनच्या डोक्यावरचं सूप काढलं आणि त्याला आपल्या जाकिटात गुंडाळलं. पैसे घेतले नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "ताई, लेकराला कुणीतरी नीट सांगा हो."

परतीच्या गाडीत तो झोपला. ओल्या केसांना सर्दी होऊ नये म्हणून मी त्याला मांडीवर घेतलं होतं. काल रात्री ताप आला नाही. आज शंभर एक. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे.

माहिती संपली. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. थंडीत जपा.

आपली,
बोरम

ता. क. पुडी सोबत पाठवली आहे. मी नको म्हणत होते, पण पाकीट बंद करताना तो समोर बसून होता. तुमच्या दारात अख्खा समुद्र आहे, हे त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, ते मागून आणलेलं नाही.

ता. क. दुसरा. तुमच्याकडे काही मागायचं नाही, असं वर लिहिलं, ते खोटं आहे. तुम्ही परत या असं मी म्हणणार नाही. तो तुमचा प्रश्न आहे आणि या घरात मी राहते, त्यामुळे हे घर कसं आहे ते मला ठाऊक आहे. पण ताओनला एक फोन करा.

ता. क. तिसरा. त्याला ही कल्पना आपोआप सुचलेली नाही. तुम्ही गेलात त्या सकाळी तो उठून दारात आला आणि आई कुठे आहे म्हणून विचारू लागला. मला काय सांगावं कळेना. मी म्हटलं, "परत गादी ओली केलीस ना? आता मी काय सांगू तुला." एवढंच. मला तो विषय बदलायचा होता. दोन महिने डॉक्टरीणबाई भीतीचं कारण शोधा म्हणत होत्या आणि मी तक्ते करत होते.

वहिनी, दार लागल्याचा आवाज मी ऐकला होता. पाच पंचवीस झाले होते. मी उठले नाही. सात वाजता मी त्याच्या गादीला हात लावला तेव्हा तो उठून गेलेला होता आणि चादर तरीही कोमट होती. दीड तासात ओली चादर गार पडते. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणजे तुम्ही निघालात तेव्हा ती ओली झालेलीच नव्हती. हे मी त्याला आता चार वेळा समजावलं. तो म्हणतो, "तू तिथे नव्हतीस." बरोबर आहे, मी नव्हते. तुम्ही रोज उठल्यावर त्याच्या पांघरुणाखाली हात घालून बघायचात. त्या दिवशीही बघितलं असेल. तेव्हा तो कोरडा होता, एवढंच त्याला तुमच्या आवाजात सांगा.