झाकणावरचे देव

१२ जाने., सोम.
आण्णांची नजर जाऊन सहा महिने झाले. सु.ने सासऱ्यांसाठी हौसेने बोलणारा फोन आणला होता. आज त्यांनी तो तिच्या हातात परत ठेवला. "पोरी, याला बोटाला काहीच लागत नाय. आरशावर हात फिरवल्यावानी." दिवसभर बसून असतात. कुणी काही लावून दिलं तर ऐकतात, मागत नाहीत. ठरवलं, जुना रेडिओग्राम घ्यायचा. पुढे रेडिओ, झाकणाखाली रेकॉर्ड वाजवायची सोय. मोठी बटणं. स्वतःचं स्वतः लावतील.

१६ जाने., शुक्र.
नाशकातच, भद्रकालीत इक्बालभाईंचं जुन्या रेडिओंचं दुकान. तीन नग होते. एक फारच देखणा; शिसवी पॉलिश, आतली यंत्रणा सगळी नवी. फोटो पाठवला, सु.लाही आवडला. घरी येऊन आण्णांना रंग, नक्षी सांगत बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चांगला असंल." तेव्हा कळलं मी काय केलं ते. वस्तू त्यांच्यासाठी आणि निवडली माझ्या डोळ्यांनी.

१८ जाने., रवि.
आण्णांना रिक्षाने नेलं. देखण्याचं बटण फिरवून म्हणाले, "फिरतंय, पण कुठं आलो ते समजत नाय." उरलेल्या दोन्हींची यंत्रणाही बदललेली, तेही नापास. इक्बालभाई हसले. "चाचा, तुमची बोटं लय वस्ताद. पंचवटीत काकूंकडे एक आहे, आतून काहीच बदललेलं नाही. मुलाकडे पुण्याला चालल्यात. पण त्याच्यावर देव बसलेत." म्हणजे काय, ते उमगलं नाही.

२० जाने., मंगळ.
आज उमगलं. काकू ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. गुडघे वाकत नाहीत, म्हणून देव झाकणावर मांडले. उभ्याने पूजा होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, त्यांच्या कुळाचे चांदीचे टाक. तेव्हापासून झाकण उघडलेलं नाही, रेकॉर्ड आतच. रेडिओ मात्र रोज लावतात. "देवांनाही करमलं पाहिजे ना," म्हणाल्या.
आण्णांनी बटण धरलं. जड फिरत होतं. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर, आणि मध्येच एक बाई हवामान सांगताना सापडली. ते तिला सोडून पुढे गेले, मागे आले, पुन्हा हुडकून काढली. मी म्हणालो, "आण्णा, यावर आता फार केंद्रं लागत नाहीत."
"नसू दे. हुडकायला तर मिळंल."
किती दिवसांनी काही मागितलं त्यांनी.
निघताना काकू म्हणाल्या, "मुलाच्या फ्लॅटमध्ये या देवांना जागा नाही. गोदेत सोडून ये म्हणतो. माझ्याच्याने व्हायचं नाही ते. रेडिओ न्या, पण देवांसकट. रोज दोन फुलं वाहा. नाहीतर राहू द्या."

२१ जाने., बुध.
सु. म्हणाली, "अहो, बाळकृष्णाचं ठीक. पण दुसऱ्याचे टाक? त्यांचा कुळाचार आपल्याला ठाऊक नाही. काही चुकलं तर?" खरं आहे. मलाही तीच धास्ती. देव घरात आणायचे ते कायमचे. सकाळी माळ घेऊन बसलो, नाम तोंडात, मन पंचवटीत. वडिलांच्या रेडिओसाठी देव आणले, असं त्या देवांपुढेच कसं म्हणू...
आण्णांना सांगितलं. "मग नको. देवावर अडून मला काय ऐकायचंय?" नेहमीसारखे जेवले. हात धुताना विचारलं, "पण ती बाई करंल काय रे देवांचं?"


२३ जाने., शुक्र.
काकूंचा फोन. रविवारी निघतात. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाल्या. आवाज थकलेला.
घरी आलो तर सु.ने शोकेस सरकवून खिडकीखालची भिंत मोकळी केलेली. फरशी देवघरासारखी धुतलेली, अजून ओली होती.
"रेडिओची जागा केलीय," ती म्हणाली. "देवांचं मी अजून काही बोललेले नाही."