राखेची पाटी

माय, आज नवीन जालन्याला जाऊन आलो. तुझ्या शाळूचं बी तिथल्या बीज बँकेच्या थंड खोलीत आहे, हे कळल्यापासून जिवाला घोर लागला होता. संपलं तर, नासलं तर. खिडकीवरच्या मुलीनं अर्ज दिला आणि दरपत्रक दाखवलं. मी उखडलो. "माझ्या मायचं बी, अन् मलाच विकत?"

"बाबा, बियाचे पैसे न्हाईत," ती म्हणाली. "थंड खोली, पाकिटं, मधून मधून उगवून पाहणं, त्याचा खर्चा आहे. शेतकऱ्याला थोडा, कॉलेजला जास्त, कंपनीला सगळ्यात जास्त."

हे मी तुझ्या चुलीपाशी ऐकलं होतं. तू बियाचे पैसे कधी घेतले नाहीस. नेणाऱ्यानं फक्त गोवरीच्या राखेची पाटी आणायची, कारण बी राखेतच टिकायचं. मोठ्या जमीनवाल्याला तू दोन पाट्या सांगायचीस, एकट्या बाईला रिकाम्या हातानं ये म्हणायचीस. मला लाज वाटायची. "माय, लोक हसून राह्यले." तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "हसू दे. बियाचं मोल न्हाई घेत मी. जपायला जे लागतं तेवढं घेते. तू जपशील का फुकट?" कृषी कॉलेजचे साहेब नमुना न्यायला आले, तर त्यांनाही तेच.

"राख कुठून आणू, काकी?"

"मंग जीप घाला चुलीत."

साहेब हसले, जाफराबादला गेले आणि खरंच पाटी भरून घेऊन आले. तेव्हा नेलेलं बी आज त्या खोलीत आहे.

अर्जात एक रकाना होता: आपल्याकडचं बी कशामुळे गेलं? चौथी शिकलेला मी, तिथंच अडलो. दोनदा खोडलं, मग लिहिलं, 'कीड लागली.' गावालाही इतकी वर्षं हेच सांगत आलोय.

पाकीट आता तुझ्या फोटोपाशी आहे. घरात गॅस आला, म्हणून राखेसाठी दोन घरं फिरलो. पेरणी आठ दिवसांवर आली तरी पाकीट फोडायला हात धजत नाही. उगवलं नाही तर पुन्हा कुठल्या तोंडानं मागायचं? तुला लिहिलेला हा कागदही कुणाला दाखवणार नाही, पाकिटाखालीच राहील.

कीड लागली नव्हती, माय. तुझ्या तेराव्याला जोंधळे कमी पडले, तेव्हा मडक्यातलं सगळं बी मीच दळायला दिलं. जल्दीत नीट धुतलं नाही. पंगतीत कुणी काही बोललं नाही, पण भाकरीला राखेचा वास होता.