कॅमेऱ्यावाला बोर्ड

४ जुलै
शाळेच्या रोबोटिक्स क्लबची जबाबदारी आजपासून माझ्याकडे. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, जमेल ना? नुसता हसलो. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला हे विचारतात! ही वही फक्त माझ्यासाठी आहे, तेव्हा इथे नम्रपणाचं नाटक नको.
कपाटात रोबोला चालवणारे छोटे निळे बोर्ड सापडले. स्वस्तातले. पोरं म्हणे दोन वर्षं यांच्यावरच शिकली. स्क्रीनवर रंगीत ठोकळे एकाखाली एक सरकवायचे, की झाला रोबोचा प्रोग्रॅम. बालवाडी आहे की काय?

९ जुलै
सप्टेंबरच्या आंतरशालेय रोबो स्पर्धेसाठी टीम ठरली. कप्तान एक मुलगी. पुढचं वर्ष परीक्षेचं, घरचे क्लबला पाठवणार नाहीत. स्पर्धेची तिला ही एकच संधी. आल्या आल्या म्हणाली, छोटे बोर्डच ठेवूया सर, आम्हाला येतात. बघू म्हटलं. बघू म्हणजे नाही, हे मुलांना कधी कळणार?
दुसरा एक शंकेखोर आहे. माझं वाक्य संपायच्या आत त्याचा हात वर.

१५ जुलै
मोठा बोर्ड मागवला. कॅमेऱ्यावाला. स्पर्धेत लाल चेंडू शोधणाऱ्या रोबोला जास्त गुण म्हणे, आणि हा चेंडूचा रंग स्वतः ओळखतो, म्हणजे ओळखेल. क्लबची वर्षाची रक्कम त्यातच गेली, पण दूरदृष्टी म्हणून काही असते की नाही? शंकेखोराने विचारलं, सर, तुम्हाला हा येतो का? असल्या प्रश्नांनी वर्गाची शिस्त बिघडते.
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, पोरांना येतं तेच घ्यायचं ना.
संकल्प: हिच्याशी टेक्निकल विषय काढायचा नाही.

२ ऑगस्ट
बोर्ड आला. केबल वेगळी घ्यावी लागते. हे खोक्यावर लिहायला काय जातं? शंकेखोर म्हणे, लिहिलंय. असेल. बारीक अक्षरात.

५ ऑगस्ट
केबल आली. दिवा लागला! लाल. लाल चांगला की वाईट, उद्या बघू.

११ ऑगस्ट
यात ठोकळे नाहीत, सगळं टाइप करायचं. एक स्वल्पविराम चुकला की बोर्ड रुसून बसतो. पोरांचा वेळ जाऊ नये म्हणून प्रोग्रॅम मीच लिहिणार. त्यांनी चाकं बसवावीत. कप्तानने स्क्रूड्रायव्हर उचलला. पटलं असावं.

२० ऑगस्ट
मधल्या सुट्टीत पोरं छोट्या बोर्डांशी खेळताना सापडली. असं दोन्हीकडे लक्ष ठेवून कसं चालेल? कपाटाला कुलूप लावलं.

१ सप्टेंबर
रोबोने लाल चेंडू ओळखला! शिवाय लाल बादली आणि शंकेखोराचा लाल स्वेटरही. त्याच्यामागे लॅबभर धावला. पोरं पोट धरून हसली. प्रगती आहे.
संकल्प: लॅबमध्ये स्वेटरबंदी.

१२ सप्टेंबर
कप्तान स्टाफरूममध्ये आली. म्हणाली, अजून वेळ आहे, छोट्या बोर्डवर रेघेवरून चालणारा साधा रोबो करतो. गुण कमी मिळतील, पण चालेल तरी. बोलताना तिचे डोळे भरून आले. स्टाफरूममध्ये धूळ फार. तिला समजावलं, मोठा विचार करायला शीक. स्पर्धेची नियमावली वाचा म्हणून टेबलावर ठेवून गेली. वाचायची आहे.

२० सप्टेंबर, सकाळ
स्पर्धा. इथे येऊन माशी शिंकली. शिक्षकांनी दोरीच्या अलीकडे बसायचं, रोबोला हात फक्त मुलांनी लावायचा. हे आधी सांगायला नको? पहिल्याच पानावर आहे म्हणे. हरकत नाही. प्रोग्रॅम पक्का आहे.

दुपार
हॉलमधले दिवे पिवळे. आमच्या लॅबमधले पांढरे. कॅमेऱ्याला एकही चेंडू लाल दिसेना. रोबो जागचा हलला नाही. प्रोग्रॅमच्या सातव्या ओळीतला एक आकडा बदलला असता तरी निभावलं असतं. मी दोरीच्या अलीकडून ओरडलो, सातवी ओळ बघा. परीक्षकांनी मला खाली बसवलं. सातवी ओळ पोरांनी कधी पाहिलीच नव्हती, ती काय बदलणार? परीक्षकांनी विचारलं, हा बोर्ड का निवडला?
"सरांनी निवडला," कप्तान म्हणाली.
वेळ संपली. दोष सगळा दिव्यांचा. लेखी तक्रार करणार.

संध्याकाळ
तक्रार लिहायला बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या शाळेचा रोबो अंतिम फेरीच्या तोंडावर बंद पडला. त्यांच्याकडे तोच छोटा निळा बोर्ड. पोरं रडकुंडीला आलेली. दुसऱ्या टीमची मुलं मदत करू शकतात, असा नियम आहे. आमची कप्तान गेली, मागोमाग शंकेखोर. मला विचारलंही नाही. दोघांनी ठोकळे खालीवर केले, एक वायर बदलली, आणि माझ्या हातातला चहा संपायच्या आत रोबो पळायला लागला.
त्या शाळेचा दुसरा नंबर आला. त्यांनी कप्तानला ओढतच स्टेजवर नेलं. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, काय हुशार आहे हो, कुठल्या सरांनी शिकवलंय हिला? 'मी' म्हणणार होतो. तक्रारीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. फार लाज वाटली.
परतताना बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर होती. मी म्हटलं, हरकत नाही, पुढच्या वर्षी बघ. म्हणून गेलो आणि जीभ चावली. तिला कुठलं पुढचं वर्ष?
ती मागे वळली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.
"सर, आम्हाला येत होतं," म्हणाली.
मी हो म्हटलं.