तिसरा टप्पा : थांबणे

प्रति,
मा. सचिव,
प्रदर्शन परिभाषा समिती, सातारा

विषय : पुठ्ठ्याच्या रॉकेटच्या उड्डाणाच्या टप्प्यांत 'थांबणे' हा शब्द पुन्हा घालण्याबाबत.
संदर्भ : 'फेरविचार मार्चच्या बैठकीत होईल' हे आपले पत्र, दि. ३ ऑगस्ट १९७४.

महोदय,

१) अर्जदार आकाराम नाथाजी साळुंखे हा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. गेल्या जानेवारीतील विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने व विज्ञान शिकवणाऱ्या भाऊसो गुरुजींनी टप्पे लिहून पाठवले ते असे : उभे करणे, पेटवणे, थांबणे, उडणे, छत्री उघडणे, पडणे.

२) समितीने त्यांचे स्थापन, प्रज्वलन, उत्थान, छत्रोन्मीलन व अवतरण केले, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. 'थांबणे' मात्र "काहीच न करणे यास टप्पा म्हणता येत नाही" असा शेरा मारून खोडले. खाली टीप घातली, की टप्पा पूर्ण न झाल्यास तो पुन्हा करावा.

३) प्रदर्शनात वात विझल्यासारखी दिसली. न उडालेल्या तोफेपाशी लगेच जायचे नसते, हे अर्जदार पलटणीत पंधरा वर्षे शिकला होता. पण आपण स्वतः लाउडस्पीकरवरून "टप्पा दुसरा, पुन्हा!" असे पुकारलेत, आणि पुकारलेला हुकूम मोडायचा नसतो, हेही तो तिथेच शिकला होता. तो वाकला आणि उत्थान झाले. डावा डोळा व उजव्या हाताची चार बोटे गेली. सर्व टप्पे मंजूर क्रमाने पार पडल्याचे चौकशीत सिद्ध झाले, सबब दोष कोणाचाच नाही असे ठरले.

४) अर्जदार कामास अपात्र झाल्याने सहानुभूतीपूर्वक त्याच्या जागी त्याची पत्नी सुलाबाई हिला नेमण्यात आले. येत्या १२ जानेवारीस रॉकेट तीच पेटवणार आहे. यादी तीच आहे.

अर्जदाराने तिला घरी परोपरीने समजावले. ती म्हणाली, "आवं, तुमी थांब म्हंताय, पर कागदावं न्हाई त्ये. तितं सायेब माईकवर वरडलं, तर मी कुणाचं आयकू? ही बी नोकरी गेली, तर दोगं बसू घरात!" सबब हा अर्ज.

५) तरी शब्द १२ जानेवारीपूर्वी मंजूर व्हावा. 'थांबणे' हलके वाटत असल्यास कोणताही जोडाक्षरी शब्द चालेल. तो उच्चारण्यातही थोडा वेळ जाईल. तेही नियमात बसत नसेल, तर वात विझलेली दिसताच आपण उठून विज्ञानाविषयी दोन शब्द बोलावेत. अर्जदाराने आपले भाषण ऐकले आहे. ते वीस मिनिटे चालते. तेवढ्यात नळीतली दारू काय ते ठरवील, आणि साहेब बोलत असताना सुलाबाई जागची हलणार नाही.

आपला नम्र,
आकाराम नाथाजी साळुंखे
(सही डाव्या हाताची आहे, ती ग्राह्य धरावी)

उंब्रज, दि. १६ डिसेंबर १९७४
सोबत : मूळ यादी, खोडलेल्या ओळीसह.