बंद दारावरचा पी

आई, गेल्या आठवड्यात दिल्लीत मी सभागृहात तुझ्याबद्दल बोलले. मी खासदार झाले हेच आधी तुला पटलं नसतं. पाहुणे आले की आतल्या खोलीत तोंड लपवून बसणारी मी, आणि म्हणे सभागृहात बोलते! पण बोलले खरी. शून्य प्रहरात तीन मिनिटं मिळाली होती. घरोघर फिरणाऱ्या, मानधनावरच्या आरोग्यसेविकांची दरवर्षी तपासणी करा, त्या आजारी पडल्या तर त्यांचं काम काढून घेऊ नका, अशी मागणी मी केली. आणि शेवटी म्हटलं, माझी आई अशीच आरोग्यसेविका होती, लोकांना क्षयाच्या गोळ्या समोर बसवून गिळायला लावायची, आणि तिला स्वतःला तपासायला मात्र कुणाला सवड झाली नाही. समोरच्या बाकांवरच्यांनीसुद्धा बाकं वाजवली. टीव्हीवर ते सगळं छान दिसलं म्हणे.

रविवारी ठाकुर्लीत तुझ्या कामातल्या बायकांनी माझा सत्कार ठेवला. तुझ्याबरोबर घरभेटींना फिरायची ती मावशी आली होती, आता काठी घेऊन चालते. शाल माझ्या खांद्यावर टाकताना माझा हात धरून म्हणाली, "अगं, तू एक सांगायचं विसरलीस बघ. तुझ्या आईची तपासणी झालेली की! मला स्वतः म्हणालेली, रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, माझी पोरगी विचारून आली. केवढी खूश होती त्या दिवशी." मी म्हटलं, मावशी, आधी बसा, पाणी घ्या. पुढे कोण काय बोललं ते मला आठवत नाही. तेव्हापासून ती शाल गाडीत तशीच पडून आहे, घरात आणायचा धीर होत नाही.

तुला तो पोलिओचा रविवार आठवतो का गं? मी तेरा वर्षांची. तुझ्या जोडीची बाई आली नव्हती म्हणून तू मला खडू घेऊन बरोबर नेलंस. ज्या घरातल्या सगळ्या बाळांना थेंब पाजले त्या दारावर इंग्रजी पी, आणि जिथे कुलूप किंवा बाळ गावाला, तिथे फुली. फुली म्हणजे तिथे परत यायचं. चौथ्या मजल्यावर एकाच घराला कुलूप होतं. तू खालच्या जिन्यावर कुणाशी तरी बोलत होतीस, आणि मला भूक लागली होती. मी त्या दारावर मस्त गोल पोटाचा पी काढला. घरी जेवायला बसलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं की वरचं कुलूप बरं झालं, वेळ वाचला. तुझा हात ताटातच थांबला. "काय गो, दारावर लिहिलंस म्हणजे बाळाच्या तोंडात थेंब पडले?" मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू मारलं नाहीस. हात धुतलास, ताटं झाकलीस आणि मला घेऊन परत निघालीस. मी ओल्या फडक्याने तो पी पुसला, फुली काढली, आणि संध्याकाळी ती माणसं येईपर्यंत आपण दोघी जिन्यात बसलो. बाळाच्या करंगळीला शाईची खूण तू मलाच करायला लावलीस. उतरताना म्हणालीस, "आता तू आयुष्यात खोटं लिहायची नाहीस." तुझा माझ्यावर किती विश्वास होता, आई. तोच नडला.

मी कॉलेजला कल्याणला जायला लागले त्या वर्षी तुझा खोकला जात नव्हता. तुला कळत होतंच, तुझा रोजचाच तो धंदा. पण आपल्या केंद्रात थुंकी तपासायला दिली तर चारचौघींना कळेल, आधी घरभेटी काढून घेतील आणि मग कामच. बाबांची कंपनी तेव्हा बंद पडलेली. मग तू कल्याणच्या दवाखान्यासाठी डबी भरलीस, चिकटपट्टीवर माहेरचं नाव लिहिलंस आणि माझ्या पर्समध्ये ठेवताना म्हणालीस, "सरळ धर हां, आणि कुणाला बोलू नकोस." दवाखाना बस थांब्याच्या समोर होता. मी थांब्यावर उतरले तर वर्गातल्या मुली उभ्या. एकीने माझ्या पर्समध्ये हात घातला, "काय आणलंयस गं खायला?" मी पर्स हिसकावून घेतली. सगळ्या हसल्या. मला तुझी, त्या डबीची, आपल्या घराची इतकी लाज वाटली की रसवंतीच्या मागे कचराकुंडी होती, तिच्यात मी ती डबी टाकून दिली. आधी चिकटपट्टी तेवढी काढून घेतली, एवढी अक्कल होती मला.

दोन दिवसांनी तू मला रिपोर्ट आणायला पाठवलंस. तेव्हा तरी तुला सांगायचं, की नवी डबी भर! मी थांब्यावर उतरून दवाखान्याकडे बघत बसले. रस्ता ओलांडला नाही. घरी येऊन म्हटलं, काही निघालं नाही, कागद मागाहून देणार आहेत. तू एवढंच विचारलंस, "स्वतः विचारलंस ना?" मी हो म्हटलं. मग तू कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून खोकल्याचं औषध आणून पीत राहिलीस आणि लोकांचे जिने चढत राहिलीस. उन्हाळ्यात रक्त पडलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं गेलेली होती. शेवटी शेवटी तू मलाच समजावायचीस, अगं, कधी कधी चुकतात रिपोर्ट.

आता दिल्लीहून पत्र आलंय. मागणीवर बैठक लावताहेत, त्यासाठी टिपण हवंय, भाषणातल्या उदाहरणासकट, माझ्या सहीने. माझ्या सहायकाने ते टाइप करून समोर ठेवलंय: 'कोणतीही तपासणी न झाल्याने मृत्यू.' त्याच्यावर सही केली की झाला माझा दुसरा पी, तोही सरकारी कागदावर. आणि खरं लिहिलं तर म्हणतील, दवाखाना समोर होता, पोरीने घोळ घातला, त्यात आमचा काय दोष? मावशीच्या पाठच्या त्या सगळ्या बायका आजही खोकला पदरात दाबून जिने चढतात. माझ्यापायी त्यांचं बुडायला नको. सकाळपासून डोकं धरून बसले होते. मग वाटलं, ती डबी पोरीच्या पर्समधून चोरून का न्यावी लागली, हेच तर त्यांना विचारायचंय! दुपारी मी ते टिपण फाडलं आणि हाताने नवं लिहिलं. डबी, माहेरचं नाव, कचराकुंडी, खोटा रिपोर्ट, सगळं. खाली सही केली. सहायकाने ते वाचलं आणि विचारलं, "मॅडम, पाठवू?" मी म्हटलं, पाठव.

हे पत्र मात्र कुठेच जायचं नाही, तुझ्या फोटोमागे राहील. कारण एक गोष्ट मला त्या टिपणात लिहिता आली नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून त्या संध्याकाळी तू शिरा केलास. खोकत खोकत रवा भाजलास, मावशीला वाटीभर पाठवलास, मला गरम गरम वाढलास. आणि आई, मी तो दोनदा मागून घेतला.